उकिरड्यातून उडून जाणारे खत आणि इंदूरचे हॉवर्डसाहेब

पहाटे गोठ्याचे दार उघडले की नाकात शिरणारा, डोळ्यांना झोंबणारा वास तुम्हाला नवा नाही. पावसाळ्यात दारे-खिडक्या बंद असलेल्या गोठ्यात तर तो उभे राहू देत नाही. जनावरे म्हटली की वास आलाच, असे म्हणून आपण कामाला लागतो. पण हा वास कशाचा, याचा कधी विचार केलात का? तो अमोनिया वायू. अमोनियात असते नत्र. आणि नत्र म्हणजे तोच माल, ज्याच्यासाठी ऐन हंगामात तुम्ही युरियाचे पोते मिळवायला दुकानापुढे रांग लावता. दारात पैसे मोजून नत्र आणायचे आणि परसातून तेच नत्र वाऱ्यावर सोडायचे, असा हा आपला व्यवहार.

हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे हे शंभर वर्षांपूर्वी इंदूरला बसून एका इंग्रज माणसाने ओळखले आणि त्यावर साधा, खेड्यात जमेल असा उपाय बसवून दाखवला. त्यांचे नाव सर अल्बर्ट हॉवर्ड. कंपोस्टची इंदूर पद्धत हे शब्द तुमच्या कानावरून गेले असतील. त्या पद्धतीमागचा माणूस कोण, तो काय शिकला आणि त्याचे आज कुठे चुकते, कुठे बरोबर ठरते, हे आज पाहू.

शेतकऱ्याचा मुलगा

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यात बिशप्स कॅसल या गावी झाला. वडील शेतकरी. त्यामुळे शेण, औत, गोठा हे सारे त्यांनी पुस्तकाच्या आधी पाहिले होते. पुढे लंडनला आणि मग केंब्रिज विद्यापीठात त्यांनी विज्ञानाचे शिक्षण घेतले. १८९६ मध्ये पहिल्या वर्गात पदवी मिळवली, पाठोपाठ शेतीचीही पदविका घेतली.

पहिली मोठी नोकरी लागली वेस्ट इंडीज बेटांवर, बार्बाडोसला. काम काय, तर ऊस आणि कोको या पिकांवरच्या बुरशी-रोगांचा अभ्यास. १८९९ ते १९०२ अशी तीन वर्षे त्यांनी तिथे काढली. दिवसभर प्रयोगशाळेत काचेखाली रोग बघायचे आणि शेतकऱ्याला सल्ला द्यायचा. पण ज्याच्या नावावर एक एकरही पीक उभे नाही, त्याने दुसऱ्याला पीक कसे घ्यावे हे कोणत्या तोंडाने सांगावे, असा प्रश्न त्यांना तिथेच पडला. आपण सांगतो ते आधी आपण करून बघितले पाहिजे, ही गाठ त्यांनी मनाशी बांधली ती कायमची. गावात सल्ला द्यायला येणाऱ्या प्रत्येकाने ही गाठ आपल्याही पदराला मारून घ्यावी अशी आहे.

पुसा येथील एकोणीस वर्षे

१९०५ मध्ये हॉवर्ड हिंदुस्थानात आले. बिहारमधील पुसा येथे तेव्हा सरकारची शेती संशोधन संस्था नुकतीच उभी राहत होती. आज दिल्लीत जिला आपण पुसा संस्था म्हणतो, तिचे मूळ गाव ते. १९३४ च्या भूकंपात तिथली इमारत पडली आणि संस्था दिल्लीला गेली.

त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले. पत्नी गॅब्रिएल या स्वतः केंब्रिजला शिकलेल्या वनस्पतीशास्त्रज्ञ. नवऱ्याच्या मागे बसणाऱ्या नव्हे, तर खांद्याला खांदा लावून शेतात उतरणाऱ्या. पुढे सरकारने त्यांनाही वनस्पतीशास्त्रज्ञाचे अधिकृत पद दिले. दोघांनी मिळून गव्हाचे पुसा ४, पुसा १२ असे वाण काढले आणि ते उत्तर भारतात दूरवर पसरले. उन्हाळ्यात हे जोडपे क्वेट्ट्याला जाऊन फळबागांवर काम करी.

पुसाला हॉवर्डसाहेबांनी आपल्या मनासारखे करायला पंचाहत्तर एकर जमीन मागून घेतली. मग आजूबाजूच्या गावांतील शेते हिंडून पाहिली. त्यांच्या ध्यानात आले की फवारणीचे औषध न पाहिलेल्या त्या शेतांतली पिकेही बऱ्यापैकी निरोगी आहेत. तेव्हा त्यांनी ठरवले की इथल्या शेतकऱ्याला शिकवण्याआधी त्याच्याकडून शिकायचे. रोग-किडींनाही त्यांनी मास्तर मानले. कीड आली म्हणजे जमिनीत, पाण्यात किंवा बियाण्यात आपले काहीतरी चुकले, असा त्यांचा हिशेब.

त्यांच्या बैलांची एक गोष्ट ते पुढे नेहमी सांगत. चांगल्या जमिनीतली वैरण खाणारे त्यांचे बैल शेजारच्या लाळ्या-खुरकुताच्या जनावरांजवळ जाऊनही आजारी पडले नाहीत, असे त्यांचे निरीक्षण होते. पण बंधूंनो, हे एका माणसाचे निरीक्षण झाले, पारखून घेतलेला प्रयोग नव्हे. त्याच्या भरवशावर लाळ्या-खुरकुताची लस चुकवू नका.

इंदूरचा मुक्काम

पुसाला एक अडचण होती. गव्हाचा माणूस वेगळा, मातीचा वेगळा, किडीचा वेगळा, अशी खातीच खाती. शेत मात्र एकच असते, त्याला खाती ठाऊक नसतात. हॉवर्डना अख्ख्या शेताचा एकत्र विचार करणारी जागा हवी होती. ती १९२४ मध्ये इंदूरला मिळाली. होळकर दरबाराने सुमारे तीनशे एकर जमीन भाडेपट्ट्याने दिली, मध्यवर्ती कापूस समितीने आणि मध्य हिंदुस्थानातील संस्थानांनी पैसा दिला आणि वनस्पती संशोधनाची ती संस्था उभी राहिली. हॉवर्ड तिचे संचालक झाले. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे.

माळव्याची ती काळी जमीन आपल्या विदर्भ-खानदेशाच्या जमिनीची बहीणच. पावसाळ्यात चिकट होऊन घट्ट बसणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. काम कापसाचे होते, पण साहेबांच्या लक्षात आले की वाण कितीही बदला, मातीत कुजलेला सेंद्रिय अंश नसेल तर मुळांना हवा मिळत नाही आणि पीक रडतच राहते. सेंद्रिय अंश आणायचा कुठून? शेणाच्या निम्म्या-अर्ध्या गोवऱ्या होऊन चुलीत जातात, मूत गोठ्याच्या जमिनीत मुरून जाते, पऱ्हाट्या-तुराट्या सरपणाला जातात किंवा बांधावर जळतात. उरलेले शेण उकिरड्यावर उन्हापावसात पडून राहते आणि त्यातले नत्र काही वाऱ्याबरोबर, काही पाण्याबरोबर निघून जाते.

चीनमधील शेतकरी पिढ्यान् पिढ्या घाण, पालापाचोळा, गाळ सारे कुजवून जमिनीला परत देतात, याचे वर्णन अमेरिकेच्या किंग नावाच्या शास्त्रज्ञाने १९११ मध्ये लिहिले होते. ते हॉवर्डनी वाचलेले होते. त्याला त्यांनी हिंदुस्थानातल्या गोठ्याची आणि शास्त्राची जोड दिली. या कामात त्यांचे जोडीदार होते इंदूरच्या संस्थेतले रसायनतज्ज्ञ यशवंत वाड. खड्ड्यात काय किती होते, काय उरते, काय उडते, हे मोजण्याचे काम त्यांच्या हातून झाले. १९३१ मध्ये शेतीतल्या टाकाऊ मालापासून खत करण्यावर जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोघांची नावे आहेत. साहेबांचे नाव जगभर झाले, वाडांचे आपण विसरलो. निदान या पानावर ते नोंदवून ठेवू.

खड्ड्यातली युक्ती

आता ती पद्धत नीट बघा, कारण खरी गंमत तिच्या क्रमात आहे.

सुरुवात खड्ड्यापासून नव्हे, गोठ्यापासून. जनावरांच्या पायांखाली वाळका पालापाचोळा, धसकटे, तण, खराब वैरण असे मिसळून अंथरायचे. मूत जमिनीवर वाहू न देता त्यात जिरवायचे. जी मुताची माती गोठ्यात तयार होते तीही दर तीन-चार महिन्यांनी खणून काढायची आणि नवी माती भरायची. ती जुनी माती म्हणजे खताचे विरजण. पऱ्हाट्या आणि तुराट्या टणक असतात म्हणून त्या शेतरस्त्यावर पसरायच्या. येता-जाता बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चिरडून मऊ होतात. मजुरी शून्य!

मग खड्डा. लांबी तीस फूट, रुंदी चौदा फूट आणि खोली फक्त तीन फूट. खोल का नाही? कारण हवा आपल्या बळाने ढिगात दीड ते दोन फुटांपर्यंतच शिरते. त्याखाली कुजणे हवेवाचून होते आणि सगळा कारभार बिघडतो. म्हणून भरता भरता दर चार फुटांवर पहारीने उभी भोके पाडायची. खड्ड्याच्या एका टोकाचा भाग रिकामा सोडायचा, म्हणजे पुढे खत खालीवर करायला जागा राहते. काडीकचऱ्याचा थर, वर अंथरणाचा ओला थर, त्यावर मुताची माती, थोडी राख, शेण आणि तयार खत कालवलेला काला, पाण्याचा शिडकावा. पुन्हा तोच क्रम. त्यासाठी सगळे शेणही लागत नाही, थोडा भागच पुरतो. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग लावायचा.

१९३१ च्या पुस्तकात खत तीन वेळा खालीवर करायला सांगितले होते. १९४० च्या पुस्तकापर्यंत ते काम दोन वेळांवर आले. पहिल्यांदा दोन-तीन आठवड्यांनी, दुसऱ्यांदा साधारण पाचव्या आठवड्यात. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत तयार.

या सगळ्यात हिशेब एकच होता. कुजवणारे जंतू कर्ब खातात आणि नत्राने अंग भरतात. नुसत्या शेण-मुतात नत्र जास्त, कर्ब कमी. जंतूंना न पेलवणारे नत्र अमोनिया होऊन उडते. त्यात काडीकचरा घातला की जंतूंना कर्ब मिळतो आणि ते नत्र धरून ठेवतात. हॉवर्ड-वाडांनी सुरुवातीचे प्रमाण ३३ भाग कर्बाला १ भाग नत्र असे धरले आणि खत तयार होते तेव्हा ते १० ला १ वर आलेले असते, असे दाखवले.

आजच्या शास्त्राचे बोल

हॉवर्डसाहेबांना काळजी होती ती पिकाच्या नत्राची. हवामान तापण्याचा विषय तेव्हा शेताच्या बांधापर्यंत आला नव्हता. आज आपल्याला माहीत आहे की शेणाच्या ढिगातून अमोनियाशिवाय आणखी दोन वायू निघतात. हवा न मिळता शेण कुजले की मिथेन निघतो. ढिगात कुठे हवा, कुठे कोंडमारा अशी स्थिती असली की नायट्रस ऑक्साइड निघतो. हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार, शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो मिथेन सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडकवतो आणि एक किलो नायट्रस ऑक्साइड सुमारे २७३ किलोइतकी. अवेळी पाऊस, गारपीट, फुलोऱ्यात उन्हाचा चटका यांचा मार आपणच खातो आहोत. तेव्हा हा विषय शहरातल्या परिषदांचा म्हणून सोडून देता येणार नाही.

आनंदाची बाब ही की काडीकचरा मिसळणे, उथळ ढीग, हवा आणि बेताची ओल हे जे साहेबांनी नत्रासाठी सांगितले, तेच मिथेन रोखण्यासाठीही लागते. मात्र त्यांच्या काही गोष्टी आज दुरुस्त करून घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट, आपल्या खड्ड्यातून नत्र जातच नाही असा त्यांचा दावा होता. आजची मोजमापे सांगतात की चांगल्या ढिगातूनही थोडाफार अमोनिया जातोच. तो कमी करता येतो, शून्य करता येत नाही.

दुसरी गोष्ट राखेची. आंबटपणा मारायला ते राख घालत. पण राख किंवा चुना जास्त झाला तर अमोनिया अधिकच उडतो. तेव्हा राख चिमटीने, घमेल्याने नव्हे. चुना तर ताज्या शेणात नकोच.

तिसरी गोष्ट खालीवर करण्याची. अजिबात हलवले नाही तर मिथेन वाढतो. गरम ढीग दर दोन दिवसांनी उकरला तर अमोनिया वाढतो. म्हणून साहेबांचे दोन-तीन वेळांचे माप आजही शहाणपणाचे आहे. ज्या दिवशी ढीग हलवाल त्याच दिवशी त्यावर जुन्या तयार खताचा किंवा मातीचा वीतभर थर द्या. वर येणारा अमोनिया त्या थरात अडकतो.

मजुरीचे काय?

तुम्ही म्हणाल, हे सगळे ठीक, पण माणूस कुठे मिळतो? प्रश्न खरा आहे. तीस फुटी खड्डा दोनदा उपसायचा म्हणजे खेळ नव्हे. इंदूर पद्धतीला ही अडचण पहिल्यापासून आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. बंगळूरला आचार्य यांनी १९३९ मध्ये बसवलेल्या पद्धतीत खड्डा भरून बंद करतात, हलवायची गरज नाही. मेहनत वाचली, पण आत हवा नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांनी मधली वाट काढली. भिंतींना भोके ठेवलेले विटांचे टाके, आत काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर, वरून शेणमातीचा लेप. हवा भोकांतून येते, उपसायची गरज नाही, लेपाने अमोनिया दबतो. पुसाच्या साहेबांचे काम पुसदच्या काकांनी पुढे नेले, असे म्हणायला हरकत नाही.

ज्यांना तेही जमत नसेल त्यांनी निदान एवढे करावे. ढीग कमरेपेक्षा उंच नको. एक पाटी शेणाला काडीकचऱ्याची जोड हवीच. मूठभर माल घेऊन आवळा. पाणी ठिबकले तर जास्त ओला, वाळके खरखरीत घाला. मूठ उघडताच भुगा पडला तर कोरडा, पाणी शिंपडा. ढिगावर पाऊस पडू देऊ नका, वर पाचटाचे छप्पर तरी घाला. शेतात नेलेले खत छोट्या छोट्या ढिगांत उन्हात आठवडे न् आठवडे ठेवू नका. पसरले की त्याच दिवशी वखर-नांगराने मातीआड करा. ज्यांच्याकडे गोबरगॅस आहे त्यांचा मिथेन तर चुलीत जळून उपयोगी पडतो, पण बाहेर येणारी स्लरीही उघड्या खड्ड्यात साठवू नका.

सरपंच आणि गावपातळीवरचे अधिकारी यांनाही एक विनंती. रस्त्याकडेचे उकिरडे हटवा म्हणून नोटिसा काढण्याआधी गावाच्या उंच बाजूला, विहिरीपासून दूर, सावलीची जागा ठरवून द्या. उकिरड्यातून पाझरणारे नत्र विहिरीत उतरले तर तेच पाणी पोरेबाळे पितात. आणि हो, बार्बाडोसची गोष्ट आठवा. लोकांना सांगण्याआधी एक ढीग ग्रामपंचायतीच्या आवारात करून दाखवा.

अखेरचे दिवस

१९३० मध्ये गॅब्रिएल वारल्या. पंचवीस वर्षांचा संसार आणि पंचवीस वर्षांचे एकत्र काम संपले. पुढच्याच वर्षी हॉवर्डसाहेबांनी इंदूर सोडले आणि ते इंग्लंडला परतले. गॅब्रिएल यांच्या बहीण लुईझ यांच्याशी त्यांनी विवाह केला आणि त्याही पुढे या कामात त्यांच्यासोबत राहिल्या. १९३४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या महात्मा गांधींनी ती संस्था आणि तिथले खत पाहिले. तोपर्यंत केनियातल्या कॉफीच्या मळ्यांपर्यंत इंदूर हे नाव खताच्या रूपाने पोचले होते.

१९४० मध्ये त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक निघाले. शेवटच्या वर्षांत ते रासायनिक खतांचे कडवे विरोधक झाले. त्यांची टोकाची मते अनेक शास्त्रज्ञांना पटली नाहीत, आजही पटत नाहीत. पण रासायनिक खत वापरणाऱ्यानेही घरचे नत्र का घालवावे, या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नाही. २० ऑक्टोबर १९४७ रोजी ते गेले. ज्या देशात त्यांनी उमेदीची सव्वीस वर्षे काढली, तो दोन महिन्यांपूर्वीच स्वतंत्र झाला होता.

बंधूंनो, युरियाच्या ४५ किलोच्या एका पोत्यात नत्र असते जेमतेम वीस-एकवीस किलो. ते कारखान्यात नैसर्गिक वायू वापरून तयार होते, सरकार त्यावर अनुदान देते, तुम्ही त्यासाठी रांगेत उभे राहता. तुमच्या गोठ्यातले नत्र फुकट आहे, फक्त त्याला पाय आहेत. उद्या पहाटे गोठ्यात गेलात आणि डोळ्यांना झोंबले, तर शेजारी पडलेल्या दोन पाट्या काडीकचरा उचला आणि जनावरांच्या पायाखाली टाका. हॉवर्डसाहेबांची सुरुवातही तिथूनच झाली होती.